मदत हवी आहे: एचिंगच्या वापरलेल्या फेरिक क्लोराइडचं काय करायचं? (ठाणे)

ठाण्यातल्या एका छोट्या कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग शिकवते. दिवाळीनंतर एक पाहुणे कलाकार महिनाभर राहून मुलांकडून तांब्याच्या प्लेटवर एचिंग (रसायनाने प्लेट कोरून तिच्यावरून चित्र छापणं) करून घेणार आहेत. मुलांना ही संधी मिळावी, असं फार मनापासून वाटतं. नायट्रिक अ‍ॅसिडच्या वाफा नकोत म्हणून प्लेट कोरायला फेरिक क्लोराइडचं द्रावण ठरवलंय. प्रेस, हातमोजे, चष्मे आहेत. खोलीही हवेशीर आहे.

अडलंय ते वापरून झालेल्या द्रावणापाशी. त्यात तांबं उतरलेलं असतं, मोरीत ओतणं शक्यच नाही. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून पाहिला. फसफसून तळाशी मातकट गाळ बसतो. पण तो टाकायचा कुठे? तळोजा, महापे इथली घातक कचऱ्याची केंद्रं मुख्यतः कारखान्यांसाठी आहेत, आमचा गाळ जेमतेम एक-दोन कॅन.

इतका कमी गाळ रीतसर घेणारं ठाणे-नवी मुंबईत कोणी आहे का, आणि त्यासाठी कॉलेजच्या नावाने नोंदणी लागते का?