यॉर्की मूळचा उंदीर मारणारा

"यॉर्की म्हणजे पर्समध्ये घालून मिरवायचं खेळणं" हे यॉर्की, म्हणजे यॉर्कशायर टेरियर या छोट्या कुत्र्याबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, हा मूळचा कामगारांचा कुत्रा! १९व्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांकडे आले, येताना आपले छोटे टेरियर घेऊन आले, आणि तिथल्या कुत्र्यांशी संकर होत होत ही जात तयार झाली. काम काय, तर गिरणीतले उंदीर मारणं. आजच्या यॉर्कींचा मूळपुरुष मानतात तो हडर्सफील्ड बेन, जन्म १८६५ चा, जेमतेम सहा वर्षं जगला पण तेवढ्यात कुत्र्यांचे शो पण गाजवले आणि उंदीर मारायच्या शर्यती पण. तो आजच्या यॉर्कीपेक्षा चांगलाच मोठा होता म्हणे, आता तर तीन-सव्वातीन किलोच्या वर नको असा नियम आहे.

टेरियर शब्दच मुळी जमिनीवरून आलाय, लॅटिनमध्ये टेरा म्हणजे जमीन, बिळात घुसून शिकार करणारे म्हणून. त्यामुळे कुंड्या उकरणं, बेल वाजली की घर डोक्यावर घेणं, समोर लॅब्राडॉर असला तरी अंगावर धावून जाणं ही वाईट सवय नाही हो, रक्तातच आहे ते. आमच्या ताईचा यॉर्की पालीच्या मागे अर्धा तास कपाटाखाली तोंड घालून बसतो, हाक मारली तर ढुंकून बघत नाही.

आणि हो, गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. यांची श्वासनलिका नाजूक असते, ओढाताण झाली की खोकत बसतात.