चार पानांवर कथा अडकते, पुढं कशी न्यायची?

बेदाणा_तासगाव
मंडळी नमस्कार, मी तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशोब बघतो, कथा लिहायचं लई दिवस डोक्यात आहे. सुरुवात जोरात होते पण चार पानं झाली की गाडी अडकते, मग दुसरंच काहीतरी सुचतं आणि पहिली गोष्ट वहीतच राहते. सवय कशी लावायची, वाचायचं काय, आणि आपल्याकडची बोली लिहिली तर पुण्या-मुंबईचे संपादक घेतात का? बेदाण्याचे सौदे म्हणजे लिलाव असले की घरी यायला रात्र होते त्यामुळे रोज दोन तास बसा असं सांगू नका.

कृष्णाकाठ
दोन तास नकोतच, रोज अर्धं पान लिही पण एकाच गोष्टीचं, दुसरी सुचली तर वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी टाकून परत पहिलीवर यायचं. आणि चार पानांवर अडकतं त्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की आपल्या माणसाला काय पाहिजे तेच आपण ठरवलेलं नसतं. समज द्राक्षबागायतदार आहे, ऑक्टोबर छाटणी झालीय, पाऊस हटत नाही, वेलीवर डावण्या रोग दिसायला लागलाय. इथपर्यंत नुसतं वर्णन झालं. आता त्याला औषध आजच मारायचंय, दुकानदारानं उधारी बंद केलीय, आणि पैसे आहेत फक्त भावाकडं, ज्याच्याशी बांधावरनं बोलणं बंद आहे. आता तो भावाच्या दारात जाऊन पहिलं वाक्य काय बोलेल एवढंच लिही, गोष्ट आपोआप पुढं सरकते बघ.

माणदेशी
बोलीची काळजी सोडा दादा. 'बनगरवाडी' कादंबरी १९५५ ची, व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यात मास्तर निवेदन साध्या मराठीत करतो आणि धनगर आपल्या बोलीत बोलतात, कुठं काय अडत नाही वाचताना. तुम्हीपण तसं करून बघा. फक्त "व्हय", "न्हाई" पेरलं म्हणजे बोली झाली असं नाही, माणूस वाक्य कुठनं सुरू करतो आणि कुठं अर्धं सोडतो ते ऐका. तुमच्याकडं तर सौद्याला व्यापारी, हमाल, बागायतदार सगळे येतात, हिशोबाच्या वहीशेजारी एक छोटी वही ठेवा आणि कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, नंतर घरी आठवून लिहिलं की ते आपल्याच भाषेत उतरतं.

वाईचा_वाचक
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, १८५७ ची आवृत्ती, जुने शेतीतले नि घरातले शब्द त्यात भरपूर सापडतात. आमच्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश पण ऑनलाइन आहे. सुट्टी मिळाली तर पाचगणीजवळ भिलारला या, २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं ठेवलीत, बसून वाचा कोणी उठवत नाही. पण कादंबऱ्यांच्या आधी दिवाळी अंकातल्या कथा वाचा, तुम्हाला कथाच लिहायचीय ना.

कृष्णाकाठ
हो आणि दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर गणपतीपर्यंत थांबू नको, उन्हाळ्यातच चौकशी कर. युनिकोडमध्ये टाइप करून पाठव, फोनवरचा मराठी कीबोर्ड पुरतो. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं, तासगावापासनं लांब नाही, तिथं लिहिणारी माणसं भेटतात. पुढंमागं कथासंग्रह होण्याइतक्या कथा झाल्या तर राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. आधी ती अडकलेली चार पानं इथं टाक, वाचून सांगतो.