मदत हवी आहे: अँटिबॉडी सर्वेत सगळेच पॉझिटिव्ह! लागण झालेले ओळखायचे कसे?

मृदुला_इंदूर
नमस्कार. जरा घाईत आहे, सोमवारी गाईडना दाखवायचंय. प्रबंधासाठी आमच्याच भागातल्या लोकांचे रक्ताचे नमुने घेतले होते. काल एलायझा (अँटिबॉडी शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह नमुना पिवळा होतो) लावली. स्टॉप सोल्युशन टाकलं आणि निगेटिव्ह कंट्रोलचे खळगे सोडले तर जवळजवळ अख्खी प्लेट पिवळीधम्मक. मला हवंय ते वेगळंच: लस घेतल्यानंतर कितीजणांना कोरोना होऊन गेला? गाईड म्हणतात, टक्केवारी काढ आणि लिहून टाक. पण ते खोटंच होईल ना? काय करू?

जुना_लॅबवाला
अगं, किट कुठलं ते कोण सांगणार? अँटिजेन कोणतं? नमुने कधीचे? आणि लस कोणती?

मृदुला_इंदूर
काका, किट आरबीडीचं आहे. लस तीच, सगळ्यांनी घेतलेली.

जुना_लॅबवाला
"तीच" म्हणजे? कोविशील्ड की कोवॅक्सिन? तुझं सगळं घोडं तिथंच अडलंय. आरबीडी हा स्पाइकचाच, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काटेरी प्रथिनाचाच तुकडा. लस घेतलेल्या प्रत्येकात त्याच्या अँटिबॉडी असणारच, लागण झालेली असो वा नसो. चाळीस वर्षं रक्ततपासणीत काढली, हिपॅटायटिस बी चं उदाहरण देतो. त्या लशीत फक्त पृष्ठभागाचं अँटिजेन असतं, म्हणून लस घेतलेल्यात नुसतं अँटी-एचबीएस, म्हणजे त्या अँटिजेनची अँटिबॉडी सापडते. खरा विषाणू शरीरात येऊन गेला असेल तर अँटी-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या गाभ्याची अँटिबॉडीही दिसते. तुलाही असाच दुसरा मार्कर हवा.

निखिल_वडोदरा
मग न्यूक्लिओकॅप्सिडचं, म्हणजे विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाचं किट मागवा की. कोविशील्डमध्ये फक्त स्पाइक आहे, एन पॉझिटिव्ह आला की लागण झाली. विषय संपला.

पीएसएम_ग्वाल्हेर
संपत नाही दादा. कोवॅक्सिन म्हणजे अख्खा निष्क्रिय केलेला विषाणू. त्यात एनही आला. ज्यांनी ती घेतली त्यांच्यात एन पॉझिटिव्ह आला तरी लागण झाली असं म्हणता येत नाही.

निखिल_वडोदरा
मग कोवॅक्सिनवाले वगळा. बाकीच्यांत तर चालेल?

पीएसएम_ग्वाल्हेर
चालेल, पण आकडा कमी येईल. मॉडर्नाच्या लशीच्या चाचणीत लागण सिद्ध झालेल्यांतही लस घेतलेल्या फक्त ४० टक्के लोकांत एन अँटिबॉडी सापडल्या, प्लासिबो गटात ९३ टक्के. शिवाय एन च्या अँटिबॉडी काळानुसार उतरतात. किटवर छापलेली सेन्सिटिव्हिटी (लागण झालेल्यांपैकी किती जण किट पकडतं ते) बहुधा लस न घेतलेल्या रुग्णांवर काढलेली असते, ती तशीच धरू नकोस. लस घेऊनही पीसीआर पॉझिटिव्ह आलेले काहीजण गाठ, त्यांच्यावर किट तपास आणि मग चाचणीच्या चुका धरून टक्केवारी सुधारणाऱ्या रोगन-ग्लेडन सूत्राने दुरुस्ती कर.

विनायकराव_इंदूर
माझा अँटिबॉडी रिपोर्ट २५० च्या वर आला आहे. बूस्टर घ्यावा का?

जुना_लॅबवाला
साहेब, तुमच्या डॉक्टरांना विचारा. हा धागा त्या पोरीचा आहे.

पशुवैद्य_महू
आमच्याकडे गुरांत हे रोजचंच आहे. लाळ्या-खुरकूतची लस दिल्यावर अँटिबॉडी सगळ्यांतच येतात. म्हणून लस बनवताना विषाणूची असंरचनात्मक प्रथिने (विषाणू वाढताना तयार होणारी, पण त्याच्या कणात नसणारी) गाळून काढतात आणि तपासणी त्याच प्रथिनांच्या अँटिबॉडीची करतात. त्या आल्या की जनावराला रोग येऊन गेला असं धरतो. पण गाळणी नीट झाली नसेल आणि लस वर्षानुवर्षं देत राहिलो, तर इथेही फसगत होते. माणसांचे डॉक्टर आमच्या शास्त्राकडे बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निखिल_वडोदरा
गुरांचं इथे काय काम? सरळ टी-सेलची (रोगप्रतिकारक पेशींची) टेस्ट करा, मी कधीपासून सांगतोय.

पीएसएम_ग्वाल्हेर
निखिल, तिच्याकडे साठवलेलं सीरम आहे, टी-सेलना जिवंत पेशी लागतात. आणि पशुवैद्यकाका सांगताहेत तोच इथला मुद्दा आहे. २०२१ च्या जून-जुलैमधला अँटिबॉडींचा चौथा राष्ट्रीय सर्वे बघ: देशात ६७.६ टक्के पॉझिटिव्ह, आपल्या मध्य प्रदेशात ७९. पण लस न घेतलेल्यांत ६२.३ आणि दोन डोसवाल्यांत ८९.८, असं वेगवेगळं मांडलं होतं. मृदुला, निदान एवढी फोड तरी कर. एकाच माणसाचे दोन वेळचे नमुने आहेत का? मधल्या काळात डोस नसताना स्पाइकचा टायटर (अँटिबॉडीची पातळी) चौपट वाढला असेल तर बहुधा लागण झाली. हे कोवॅक्सिनवाल्यांतही चालतं.

मृदुला_इंदूर
आहेत! काहींचे दोनदा घेतलेत, उणे वीसला ठेवलेत. हे लिहायचं राहून गेलं, सॉरी.

जुना_लॅबवाला
हेच आधी सांगायचं ना गं! दोन्ही नमुने एकाच प्लेटवर, एकाच दिवशी लाव. नाहीतर किटच्या लॉटचा फरक टायटर म्हणून मोजशील.

मृदुला_इंदूर
काका, दादा, खूप आभार. आत्ताच रजिस्टर काढलं. लशीचं नाव बहुतेकांसमोर आहे, पण डोसच्या तारखांचा रकानाच नाही. उद्या सकाळपासून घरोघर जाऊन कोविनची सर्टिफिकेटं बघते. गाईडना मात्र सोमवारी टक्केवारी देणार नाही.