कंटेनर ट्रेलरसाठी नेव्हिगेशन: मोबाइलवरचा मॅप पुरेसा आहे की वेगळे उपकरण घ्यावे?

बंदर_ते_गोदाम यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

माझे मामा बरीच वर्षे मुंबईत टेम्पो चालवत होते. यंदा आम्ही घरच्यांनी मिळून 40 फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर घेतला असून न्हावा-शेवा बंदरातून भिवंडीची गोदामे, शिवडी-वडाळ्याचा पट्टा आणि अधूनमधून पुणे-नाशिक अशी भाडी मिळू लागली आहेत. गाडी मामा चालवतात. भाडे ठरवणे, कागदपत्रे सांभाळणे आणि मार्ग पाहणे हे काम माझ्याकडे आहे.

टेम्पो होता तोवर मोबाइलवर मॅप लावला की काम भागत असे. ट्रेलरच्या बाबतीत तसे होत नाही. नुकतेच कुर्ल्याजवळ मॅपने मामांना मोठा रस्ता सोडून आत वळायला सांगितले आणि थोडे पुढे गेल्यावर उंची रोखणारी लोखंडी कमान समोर आली. मागे रिक्षांची रांग लागलेली, वळायला जागा नाही; वाहतूक हवालदारांनी मागची वाहने हटवून दिली, तेव्हा कुठे गाडी रिव्हर्समध्ये मुख्य रस्त्यावर आली.

ट्रकसाठी म्हणून मिळणारे वेगळे नेव्हिगेशन उपकरण घ्यावे का, की चांगला फोन आणि योग्य ॲप यांवर भागेल? ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या उपग्रह नेव्हिगेशन प्रणालीची सोय असलेला फोन घेतल्यास फरक पडेल का? आणि गाडी चालवताना फोनवर मॅप लावलेला असेल तर चलन फाटू शकते का? ज्यांनी मोठी गाडी मुंबईत चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

घाटमाथा_चालक यांचा प्रतिसाद:

भाऊ, उपकरणाचा विचार करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. आपण कुठे आहोत एवढेच उपग्रह सांगतात. पुढचा रस्ता कसा आहे आणि त्यावरून कोणते वाहन जाऊ शकते, हे त्या ॲपमधल्या नकाशाला माहीत असावे लागते. कुर्ल्याला तुमच्या गाडीची जागा अचूकच दाखवली गेली असणार. ती गाडी म्हणजे उंच कंटेनर लादलेला ट्रेलर आहे, हे मात्र ॲपला ठाऊक नव्हते. आपल्याकडे बहुतेक जण वापरतात त्या गूगल मॅप्समध्ये मोटार, दुचाकी, पायी आणि सार्वजनिक वाहतूक असे पर्याय मिळतात. ट्रकचा पर्याय नाही आणि उंची, वजन, लांबी भरण्याची जागाही नाही. त्यामुळे त्यावरचा मार्ग, पोहोचण्याची वेळ आणि टोल हे सगळे मोटारीच्या हिशेबाने येते. टोलचेच पाहा. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, परंतु मोटारीला जो नाका मोफत दिसतो तो आपल्यासाठी टोलचाच असतो. भाडे ठरवताना मॅपवरचा आकडा धरू नका.

तुमच्या नेहमीच्या मार्गावरचे उदाहरण सांगतो. अटल सेतूवरून मुंबईकडे येणारी मोटार शिवडीला सरळ ईस्टर्न फ्रीवेला लागू शकते आणि मॅपही साहजिकच तोच मार्ग देतो. ट्रक, बस आणि मल्टी-ॲक्सल वाहनांना मात्र तिथून फ्रीवेवर प्रवेश नाही, असे पोलिसांनी जानेवारी 2024 मध्ये सेतू खुला होतानाच जाहीर केले होते. आपण मुंबई पोर्ट-शिवडीची 1सी क्रमांकाची एक्झिट घेऊन गाडीअड्ड्याजवळून बंदराच्या रस्त्याने पुढे जायचे असते. सेतूवर वाहने वेगात असतात, एक्झिट चुकली तर 40 फुटी गाडी मागे घेता येत नाही आणि त्याच क्षणी फोनमधला आवाज सरळ जाण्यास सांगत असतो. म्हणून मामांना हा फाटा आधीच तोंडपाठ असला पाहिजे. कोस्टल रोडचेही तसेच आहे. दक्षिण मुंबईकडे जाताना मॅप तो रस्ता पुढे करील, पण जड वाहनांना तिथे बंदी आहे.

यावर मला एकच पद्धत भरवशाची वाटते. गाडी निघण्यापूर्वी मार्ग आपण ठरवायचा आणि मॅपला तो पाळायला लावायचा. ज्या नाक्यांवरून, पुलांवरून जायचेच आहे ते मधले थांबे म्हणून टाकले की मॅपला आडवाट काढायला फारसा वाव राहत नाही. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी गोदामातल्या माणसाला फोन करून ‘ट्रेलर कोणत्या फाटकाने आत येतो’ असे विचारा, कारण पाठवलेले लोकेशन अनेकदा कार्यालयाच्या दाराचे असते आणि गाडी लावायचे फाटक मागच्या रस्त्याला असते. जुलै 2022 पासून मुंबई, पुणे आणि नाशिकसह काही शहरांत गूगलचे स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून घेतलेली चौफेर छायाचित्रे, उपलब्ध आहे. रस्त्यावरची कमान, विजेच्या खाली आलेल्या तारा, वळणावरचा दुभाजक हे सगळे घरी बसून पाहता येते. फक्त चित्र कोणत्या महिन्यातले आहे ते कोपऱ्यात वाचून घ्या. हे काम तुमचे आहे, मामांचे नव्हे. त्यांच्या हाती ठरलेला मार्ग गेला पाहिजे.

आणखी एक. वाहतूक तुंबली की ॲप वाटेतच नवा मार्ग सुचवते आणि आपण नकार दिला नाही तर काही वेळा तो आपोआप स्वीकारलाही जातो. ‘मार्ग बदलला’ असे ऐकू आले तर वळण घ्यायचे नाही, मोठ्या रस्त्यावरच राहायचे आणि सुरक्षित जागी थांबून पाहायचे, अशी मामांशी आधीच बोली करून ठेवा. अर्धा तास उशीर परवडतो. गल्लीत अडकलेला ट्रेलर परवडत नाही.

नकाशा_स्वयंसेवक यांचा प्रतिसाद:

वरच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. ट्रकचा पर्याय कुठेच नाही असा समज मात्र करून घेऊ नये. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणाऱ्या ओएसएमअँड या ॲपमध्ये ट्रकचे प्रोफाइल असून त्यात गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन भरता येते. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही तो चालतो, ही घाटात मोठीच सोय आहे.

मी स्वतः या नकाशात मुंबईची माहिती भरतो, म्हणूनच त्याची मर्यादाही आवर्जून सांगतो. एखाद्या पुलाखालची उंची कोणी नोंदवलेली असेल तरच ॲप तो रस्ता टाळू शकते. नोंद नसेल तर अडथळाच नाही असे धरून ते मार्ग देते आणि आपल्याकडे अशा नोंदी अजून फार विरळ आहेत. ट्रकचे प्रोफाइल लावले म्हणजे पुढचा प्रत्येक पूल तपासला गेला, असे कृपया समजू नका. उंचीचा फलक दिसला की त्याचे छायाचित्र घेऊन ठेवा आणि सवडीने ती उंची नकाशात भरा. पुढच्या चालकाला तिचा थेट उपयोग होतो.

गाडीची उंची भरताना कंपनीच्या कागदावरचा आकडा घेऊ नका. साधा कंटेनर 8 फूट 6 इंच उंच असतो, तर हाय-क्यूब 9 फूट 6 इंच. म्हणजे सकाळी ज्या पुलाखालून गाडी सुखरूप गेली, त्याच पुलाखाली संध्याकाळी दुसरा कंटेनर अडकू शकतो. सपाट जागी गाडी उभी करून जमिनीपासून कंटेनरच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा. रिकामा कंटेनर असताना स्प्रिंगवरचा भार कमी होऊन गाडी थोडी वर उचललेली असते, म्हणून रिकाम्या हाय-क्यूबसह मोजलेली उंची हीच कायम धरावी आणि ती केबिनमध्ये चालकाला दिसेल अशी लिहून ठेवावी.

बंदर_ते_गोदाम:

दोघांचेही मनापासून आभार. हाय-क्यूबचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता; या रविवारी गाडी मोजून घेतो. नाविक, वेगळे उपकरण आणि चलन यांबद्दलही कोणी सांगू शकेल का? शिवाय केबिनमध्ये फोन चार्जिंगला लावला की तापतो आणि मध्येच चार्जिंग बंद पडते.

वडाळा_वायरिंग यांचा प्रतिसाद:

चार्जिंगपासून सुरुवात करतो, कारण रोज गाड्या त्याच तक्रारीसाठी येतात. मोटारीची वायरिंग 12 व्होल्टची असते आणि मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची. रस्त्यावर मिळणारे कित्येक स्वस्त चार्जर फक्त 12 व्होल्टसाठी बनवलेले असतात. ते ट्रकला लावले की तापतात, बंद पडतात आणि कधी फोनही बिघडवतात. ज्यावर 12-24 व्होल्ट असे स्पष्ट छापलेले आहे तोच चार्जर घ्या. फोनचा होल्डर काचेच्या मधोमध लावू नका. ट्रेलरच्या केबिनसमोर जवळचा बराच भाग मुळातच चालकाला दिसत नाही आणि मध्ये फोन आला की दुचाकीस्वार त्याच्या आड जातो. डॅशबोर्डवर खालच्या बाजूला, एसीच्या किंवा खिडकीच्या वाऱ्याजवळ, थेट ऊन लागणार नाही अशी जागा निवडा.

नाविकबद्दल सांगायचे तर हल्लीचे फोन अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ अशा अनेक प्रणालींचे उपग्रह एकाच वेळी वापरतात. इस्रोने 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून नाविकचे संकेत एल-1 या, जीपीएसही वापरते त्या, रेडिओ लहरींच्या पट्ट्यावरही येऊ लागले आहेत. फोनमध्ये ही सोय असेल तर चांगलेच. तथापि केवळ तेवढ्यासाठी नवा फोन घेण्याची गरज नाही, कारण कुर्ल्यासारखा प्रसंग त्याने टळणार नाही. जागेची अचूकता कमी पडते ती उंच इमारतींच्या दाटीत, बोगद्यात आणि विशेषतः उड्डाणपुलापाशी. पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता नकाशावर जवळजवळ एकाच रेषेत असल्यामुळे आपण नेमके कोणत्या रस्त्यावर आहोत हे फोनला चटकन कळत नाही. जुलै 2025 मध्ये बेलापूरला नकाशाच्या आधाराने जाणारी एक मोटार पुलावर न चढता पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि थेट खाडीत पडली, ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. पूल चढायचा की खालून जायचे, हे फलक पाहून चालकानेच ठरवले पाहिजे.

कायद्याचे म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालवताना फोनचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी करता येतो आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. फोन हातात धरून बोलणे किंवा पत्ता टाइप करणे यात बसत नाही. त्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम 184 लागू होऊ शकते आणि पहिल्या गुन्ह्याला 1000 ते 5000 रुपये दंड, कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. पत्ता गाडी उभी असतानाच टाकावा, आवाज मराठी किंवा हिंदी ठेवावा, म्हणजे पडद्याकडे पाहण्याची वेळ कमी येते.

वेगळे उपकरण घ्यायचेच असेल तर दुकानातच त्याची परीक्षा घ्या. तुमच्या गाडीची खरी उंची त्यात भरा, जिथे ट्रेलर जात नाही हे तुम्हाला पक्के माहीत आहे अशा एखाद्या भुयारी मार्गाच्या अलीकडचे आणि पलीकडचे ठिकाण टाका आणि ते कुठून नेते ते पाहा. खालूनच नेत असेल तर परदेशात ते कितीही नावाजलेले असले तरी मुंबईत त्याच्यावर पैसे घालू नयेत. एआयएस-140 प्रमाणपत्राचे यंत्र दाखवून कोणी ते ‘जीपीएस’ म्हणून विकू लागला, तर ते गाडी कुठे आहे हे इतरांना कळवण्यासाठी असते, रस्ता दाखवण्यासाठी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

माणकोली_नाका यांचा प्रतिसाद:

मी भिवंडीत गाड्यांचे नियोजन पाहतो, त्यामुळे दोन गोष्टी जोडतो. मुंबईत आज असलेला पूल उद्या वाहतुकीला खुला असेलच असे नाही. शीवचा रेल्वेवरील पूल 1 ऑगस्ट 2024 पासून बंद झाला, प्रभादेवीचा सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला आणि अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद होऊन मे 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. प्रत्येक वेळी ताण शेजारच्या रस्त्यांवर आला आणि जड वाहनांसाठी वेगळे वळण ठरवले गेले. जड वाहनांच्या प्रवेशबंदीच्या वेळा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे वाहतूक पोलीस आपापल्या हद्दीसाठी ठरवतात आणि सणासुदीला त्या बदलतात. मॅप त्या विचारात घेत नाही. आदल्या रात्री तिन्ही हद्दींच्या वाहतूक पोलिसांच्या सूचना वाचण्याची सवय ठेवा. पावसाळ्यात महाडकडून पुण्याला जायचे झाल्यास मॅप वरंधा घाट दाखवील, पण तो त्या काळात बहुधा बंद असतो. जिल्हा प्रशासनाचा आदेश पाहिल्याशिवाय गाडी तिकडे वळवू नये.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी, भाचेबुवा. मॅपवरची पोहोचण्याची वेळ मोटारीची असते, हे वर आलेच आहे. तीच वेळ तुम्ही पार्टीला सांगितली तर उशिराचा जाब मामांना विचारला जाणार आणि घाई त्यांनाच करावी लागणार. बोरघाट असो वा कसारा, भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये सावकाश आणावी लागते. तो वेळ धरूनच शब्द द्या. मामांच्या फोनचे लाइव्ह लोकेशन तुमच्याकडे चालू ठेवा आणि पार्टीचे फोन तुम्ही घ्या. मामांना काही कळवायचे असेल तर लोकेशन एका जागी स्थिर दिसेपर्यंत थांबा, आणि ते सिग्नलवर नसून ढाब्यावर किंवा पंपावर आहे एवढे पाहून मगच फोन लावा.