परग्रहावरचा 'बुद्धिमान' जीव ठरवायचा कसा?

खानापूरकर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करायलोय. बुद्धिमान जीव म्हणजे नेमकं काय लिहू? ऑक्टोपस, डॉल्फिन धरायचे का?

निपाणीचा तारकामित्र: खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकनं 1961 च्या समीकरणात (आकाशगंगेत संदेश पाठवणाऱ्या संस्कृती किती, याचा अंदाज बांधायचं सूत्र) दोन घटक वेगळे ठेवलेत बघा: बुद्धी येणं आणि दूरवर संदेश पाठवता येणं. ऑक्टोपस पहिल्यात बसेल, दुसऱ्यात नाही. पाण्याखाली आग पेटत नाही, मग धातू कुठला आणि ट्रान्समीटर कुठला? म्हणून तक्त्यात दोन रकाने करा. आणि हिरवी माणसं काढू नका ओ!

रेडिओवाला, बेळगाव: परग्रहावरचे जीव दुर्बिणीनं शोधणारे बुद्धी मोजतच नाहीत, यंत्राची खूण शोधतात. निसर्गातले मेसरसुद्धा (अवकाशातल्या वायूच्या ढगांतून येणारे रेडिओलहरींचे झोत) वारंवारतेत शेकडो हर्ट्झ रुंद पसरलेले असतात. काही हर्ट्झच रुंदीचा सिग्नल म्हणजे ट्रान्समीटर. पण कुणाचा? पाच मिनिटं दुर्बीण ताऱ्यावर, पाच मिनिटं बाजूला, असं तीनदा बघतात. बाजूलाही दिसला तर आपलाच उपग्रह नाहीतर मोबाईल. ग्रह फिरतो म्हणून वारंवारता हळूहळू सरकायलाही हवी. प्रॉक्सिमा या सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याच्या दिशेचा 2019 चा 982 मेगाहर्ट्झचा सिग्नल या चाळणीतून गेला होता, तरी शेवटी पृथ्वीवरचाच गोंगाट निघाला.

खानापूरकर: मग 1977 चा 'वाव' सिग्नल, अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीनं पकडलेला?

रेडिओवाला, बेळगाव: 72 सेकंद टिकला, पुन्हा आलाच नाही. 'अनिर्णित' लिहा.