विंडोज १० संपलं. चालता लॅपटॉप बदलायचा कशासाठी?

बायोसराव (धागाकर्ता):
१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून सोसायटीत, नातेवाइकांत, ऑफिसात सगळे एकच विचारतात, "नवीन लॅपटॉप कुठला घेऊ?" घ्यायचा का, हे कोणी विचारत नाही.

माझा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम ८ ची १६ केली, बॅटरी बदलली. मस्त पळतो. विंडोज ११ ला लागतं ते टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) त्यात आहे, सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सिस्टिम अडवायची सोय) तेही आहे. तपासणीचं ॲप चालवलं तर बाकी सगळीकडे हिरव्या खुणा आणि फक्त प्रोसेसरच्या ओळीला फुली. का, तर थोडे अपवाद सोडले तर इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे मशीनमध्ये खोट काही नाही, यादीत नाव नाही एवढंच. मला तर टीपीएमसकट या सगळ्या अटी म्हणजे नवीन मशीनं खपवायची युक्ती वाटते.

माझं मत सरळ आहे. मशीन धडधाकट असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका आणि मोकळे व्हा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. घरी लॅपटॉपवर करतो काय आपण? ब्राउझर, मेल, यूट्यूब, बँकेचं स्टेटमेंट, पोरांचे प्रोजेक्ट, वर्षातून एकदा आयकर रिटर्न. यातलं काहीही विंडोजवाचून अडत नाही. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅम महागली आहे. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा तुमच्या-आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत १६ जीबी रॅमचं चालतं मशीन लोक एक्सचेंजमध्ये कवडीमोलाने देऊन येतात तेव्हा जीव तुटतो.

विरोधी मतं जरूर मांडा. फक्त "लिनक्स अवघड असतं" हे वीस वर्षांपूर्वीचं कारण नको.

पिक्सेलपाटील:
+१. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुखात चालू आहे.

कोल्हापुरी डीटीपी:
राव, तुमचं घर ब्राउझरवर चालतंय, माझं दुकान श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. लग्नपत्रिका, जत्रेची पोस्टरं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळा माल युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटात. पतसंस्थेचा मॅनेजर येतोय आणि म्हणतोय, "गेल्या वर्षीचाच अहवाल काढा, आकडे तेवढे बदला." ती फाइल पेजमेकर ७ ची. ते सॉफ्टवेअर २००१ सालचं, अडोबीनं कधीच वाऱ्यावर सोडलंय, पण गिऱ्हाइकानं सोडलेलं नाही. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडा, "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा चिवडा दिसतोय. युनिकोडात बदलणारी सॉफ्टवेअरं हायत, माहीत हाय. बदलल्यावर एखादा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतोय, वेलांटी गायब होतीय. मग परत सगळं प्रूफ वाचायचं. त्याचे पैसे कोण देणार? मॅनेजर तर नक्की नाही.

आणि सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागतं. ते लावल्याशिवाय उघडतच नाही. लिनक्सला त्या डोंगलची ओळख कोण करून देणार, तुम्ही येताय का कोल्हापूरला?

बायोसराव:
@कोल्हापुरी डीटीपी: येतो की, तांबडा-पांढरा असेल तर. पण तुमचा धंदा आहे, मी घरच्या मशीनबद्दल लिहिलंय.

वीसतारीख:
घरच्या मशीनवर धंदा करणारे लोक किती असतात याची कल्पना आहे का? मी घरूनच हिशेब लिहिते. टॅली विंडोजचं. कंपन्यांचं जीएसटी रिटर्न डिजिटल सिग्नेचरने सही केल्याशिवाय जात नाही आणि ती सही यूएसबी टोकनमध्ये असते. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो, मान्य. पण ३बी या दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची मुदत २० तारीख. १९ ला रात्री पक्षकार खरेदीची बिलं पाठवतो. अशा रात्री टोकन ओळखलं गेलं नाही तर मी कोणाला फोन करू? टोकन विकणाऱ्याला "लिनक्स" म्हटलं की तो पहिला सल्ला देतो, "मॅडम, विंडोजवाला पीसी बघा ना कुणाचा."

तुम्ही सांगता ती कामं खरोखर अडत नाहीत. नेमकं ज्या कामाचे पैसे मिळतात तेच अडतं.

पॅचवाला:
थोडी माहिती देतो, कारण इथे "लिनक्स किंवा नवीन लॅपटॉप" असे दोनच रस्ते दिसताहेत.

विंडोज १० ला घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आवृत्ती २२एच२ हवी. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग सिंक केलीत तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट. वीसतारीख ताई, तुम्ही आज हेच करा.

दुसरं, रूफस या फुकटच्या सॉफ्टवेअरने विंडोज ११ टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि प्रोसेसरची अट वगळता येते. बायोसरावांच्या मशीनवर ११ चालेलही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला वाली नाही, पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कोणी देत नाही. आणि ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना नसतील तर काही केल्या चालत नाही. म्हणजे कोअर टू ड्युओसारखे फार जुने प्रोसेसर असलेल्यांनी आशा सोडावी.

एक सावधगिरीची सूचना. ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की २४एच२ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय उघडत नाही. बोर्ड बदलला, कधी नुसत्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगला हात लागला, तरी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की त्या खात्यात असते. आणि ते खातं दुकानदाराने घाईघाईत स्वतःच्याच फोन नंबरावर उघडलेलं असतं! आमच्याकडे असे लोक येतात, मुंजीपासूनचे सगळे फोटो आत आणि आमचे हात रिकामे. तेव्हा नवीन लॅपटॉप घ्या की जुनाच ठेवा, आधी ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

निवृत्त बाई, रत्नागिरी:
बायोसराव, तुमच्यासारखाच एक उत्साही भाचा मला आहे. गणपतीत आला आणि "मावशी, तुझा लॅपटॉप नवा करून देतो" म्हणाला. मला वाटलं, पुसून-बिसून देईल. गौरी जेवल्या, तो पुण्याला गेला, आणि लॅपटॉप उघडते तर त्यात उबुंटू, म्हणजे तुमचं लिनक्सच.

दिसायला छान आहे, नाही म्हणत नाही. पण महिला मंडळाच्या भिशीची एक्सेलची फाइल होती, तिच्यात मी रंग भरून ठेवले होते, कोणाची भिशी लागली तिला हिरवा. उघडल्यावर हिरवा गेला आणि बेरजेच्या जागी काहीतरी भलतंच. प्रिंटरचं स्कॅनिंग बंद. भाच्याला फोन केला तर म्हणे, "मावशी, टर्मिनल उघड, मी सांगतो ते टाइप कर आणि मग पासवर्ड टाक." मी टाकते आहे, टाकते आहे, स्क्रीनवर टिंबसुद्धा उमटत नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला. पुन्हा पुन्हा टाकला. त्याने तिकडून सांगितलं, "तो दिसतच नसतो, मावशी." हे आधी सांगायला काय झालं होतं?

तुम्हा लोकांना मशीनची दया येते. ते वापरणाऱ्याला कोणी विचारत नाही.

बायोसराव:
बाई, नमस्कार. भाच्याने विचारायला हवं होतं, यात वादच नाही. पण तांत्रिक मुद्दा म्हणून नोंदवतो: मिंटमध्ये टर्मिनलात पासवर्ड टाकताना तारे दिसतात.

निवृत्त बाई, रत्नागिरी:
तारे मला उबुंटूतही दिसलेच.

पिक्सेलपाटील:
बाईंनी धागा जिंकला. बायोसराव, आवरा दुकान.

वीसतारीख:
हसून झालं असेल तर बाईंचा मुद्दा परत वाचा. घरातल्या हौशी माणसाला वाटतं आपण मशीन वाचवलं. पण त्याचबरोबर घरातल्या बाकीच्यांना तो स्वतःवर अवलंबून करून ठेवतो. विंडोज बिघडलं तर गल्लीतला मोबाइल रिपेअरवालाही काहीतरी करून देतो. लिनक्स बिघडलं तर फक्त भाचा. आणि भाचा मीटिंगमध्ये.

खडूफळा:
हे सवयीचं आहे, लिनक्सचं नाही. केरळात सरकारी शाळांमधून वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकवतात, त्यासाठी काइट नावाची सरकारी यंत्रणा उभी आहे, शिक्षकांना प्रशिक्षण आहे. तिथल्या पोराला त्यात अवघड काही वाटत नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज आणि ऑफिस शिकलो, नोकरीसाठी सर्टिफिकेट लावलं, आणि संगणक म्हणजे विंडोज हे डोक्यात पक्कं बसलं. गल्लीतल्या रिपेअरवाल्याला लिनक्स येत नाही कारण कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही कारण त्याला येत नाही. कुठून तरी सुरुवात नको का?

वीसतारीख:
@खडूफळा: सुरुवात शाळेतून करा ना, सरकारने करा. माझ्या २० तारखेपासून नको.

रेंजगायब:
काय चाललंय हे, काकालोक? लॅपटॉप लागतोच कशाला? माझं कॉलेजचं सबमिशन, तिकीट, बँक, एडिटिंग, सगळं फोनवर होतं. लॅपटॉप कपाटावर धूळ खातोय.

बायोसराव:
@रेंजगायब: फोनचं तर याहून वाईट आहे. स्वस्त फोनला दोन-तीन वर्षं अपडेट मिळाले तरी नशीब. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन आहे, पण किंमत बघा. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे तसं काही नाही.

आणि लॅपटॉप निदान माझा आहे, वाटेल ती ऑपरेटिंग सिस्टिम टाकेन. जुन्या फोनवर मी हौसेने लिनिएजओएस हे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकलं, अँड्रॉइड एकदम ताजं झालं. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडला की गूगलची प्ले इंटिग्रिटी ही फोनची तपासणी नापास, आणि बँकेचं ॲप म्हणतं हा फोन सुरक्षित नाही. कंपनीने केव्हाच सोडून दिलेलं, भोकं तशीच असलेलं जुनं अँड्रॉइड बँकेला चालतं, मी आणलेलं ताजं चालत नाही. सांगा आता.

रेंजगायब:
मग नवीन फोन घ्यायचा ना.

बायोसराव:
धन्य.

पॅचवाला:
बँकेची बाजू तेवढी एकतर्फी नाही. बूटलोडर उघडा असला की आत कोणी काय बदललंय हे ॲपला कळायला मार्ग राहत नाही, आणि पैसे गेले की ग्राहक बँकेच्याच दारात येतो. टीपीएमचंही तेच. बायोसराव म्हणतात तशी ती नुसती नवीन मशीनं खपवायची युक्ती नाही, एन्क्रिप्शनची किल्ली ठेवायला वेगळी सुरक्षित जागा असणं चांगलंच. पण त्यांच्या मशीनमध्ये टीपीएम असूनही नकार मिळतो, तिथे मायक्रोसॉफ्टची बाजू मला लंगडी वाटते. या मुद्द्यापुरता मी त्यांच्या बाजूने.

कोल्हापुरी डीटीपी:
पॅचवाले भाऊ, माझं सांगा. मी विंडोज १० चं मशीन नेटवरून काढून टाकणार. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर नि फोटो फोनमधून घ्यायचे, पेनड्राइव्हनं दुकानच्या मशीनवर टाकायचे. नेटच नाही म्हटल्यावर अपडेट कशाला पाहिजे?

पॅचवाला:
@कोल्हापुरी डीटीपी: पेनड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस विसरलात का? झेरॉक्सच्या दुकानात एकदा लावला की फोल्डरं गायब आणि नुसते शॉर्टकट. नेट काढलंत तरी गिऱ्हाइकं आपापले पेनड्राइव्ह घेऊन येणारच, आणि तुम्ही "नको" म्हणणार नाही. मशीन नेटबाहेर ठेवा, पण ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडण्याची सोय) बंद करा. बाहेरचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. ते दुसरं मशीन जुनं चालेल, आणि त्यावर खुशाल मिंट टाका. विंडोजचे व्हायरस तिथे आपोआप चालू होत नाहीत.

बायोसराव:
अखेर दुकानात एक मिंट शिरलं.

कोल्हापुरी डीटीपी:
शिरू दे की, पेनड्राइव्ह बघायला शिरू दे. तिजोरीची किल्ली नाही देत त्याला.

निवृत्त बाई, रत्नागिरी:
@पॅचवाला: माझ्या लॅपटॉपवर परत विंडोज १० टाकून ती मुदतवाढ मिळेल का? भाचा म्हणतो लायसन्स बोर्डातच असतं.

पॅचवाला:
बरोबर सांगतो तो. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज असेल तर पुन्हा टाकल्यावर नेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. फक्त आधी उबुंटूमधल्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घ्या. आणि मायक्रोसॉफ्टचं खातं तुमच्याच नंबरावर उघडा, भाच्याच्या नको.

कोल्हापुरी डीटीपी:
एक शेवटचं. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक) करून त्यात विंडोज टाकलं तर आत डोंगल दिसतंय का? यूएसबी आत पाठवायची सोय असते म्हणतात. कोणी खरंच डोंगल लावून श्रीलिपी चालवलंय का? बघितलेल्यानंच सांगा, अंदाज नकोत.