मदत हवी आहे: जुन्या मोझॅकवर लाकडी पट्ट्यांचं फ्लोअरिंग, कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमचं घर मुलुंड पूर्वेला, १९८६ सालची बिल्डिंग, दुसरा मजला, वन बीएचके. घरात मी आणि आई. दिवाळीच्या आत रंगकाम करायचं ठरलंय आणि त्याच्यासोबत लादीचा विषय निघाला, गेले दोन महिने मी त्यातच अडकलेय म्हणून इथे विचारतेय.

घरभर मोझॅक आहे, पांढऱ्या सिमेंटमध्ये हिरव्या-काळ्या चिप्सवाल्या दहा इंची लाद्या. ताबा मिळायच्या आधी बाबा रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर साइटवर जायचे आणि स्वतः उभं राहून या लाद्या घासून पॉलिश करून घ्यायचे. बाबा आता नाहीत. आईचं म्हणणं एवढंच आहे की ही लादी फोडायची नाही, आणि खरं सांगू का, मलाही नाही फोडायची. पण चिप्सच्या मधलं सिमेंट झिजून बारीक बारीक खड्डे पडलेत, कितीही पुसलं तरी काळंच दिसतं, आणि आईचे गुडघे दुखतात, पहाटे उठली की पाय गारठतात आणि घरात स्लीपर घालायची तिची तयारी नाही. म्हणून असं काहीतरी हवंय जे वरून बसेल, पायाला उबदार लागेल आणि उद्या कोणाला उचलावंसं वाटलं तर खालची लादी जशीच्या तशी मिळेल.

जे बघितलं ते सांगते. लाकडासारख्या दिसणाऱ्या मोरबीच्या टाइल्स, आठ इंच बाय चार फुटी, दिसायला फार सुंदर, पण त्या केमिकलने चिकटवणार म्हणजे मोझॅक कायमचं गेलं, आणि पायाला गार लागायच्या त्या लागणारच. इंजिनीअर्ड वूड हातात घेऊन बघितलं तेव्हा मन लागलं त्यात, वरचा पापुद्रा खऱ्या लाकडाचा, पण बजेटच्या बाहेर आणि आपला जून ते सप्टेंबर तुम्हाला माहीतच आहे. लॅमिनेट स्वस्तात होईल, पण खालच्या मजल्यावर एकांकडे वॉशिंग मशीनचा पाइप निसटला तर दोन दिवसांत पट्ट्यांचे सांधे फुगले आणि वाळल्यावरही खाली बसले नाहीत, आत दाबलेला लाकडाचा भुसाच असतो ना. मग उरलं एसपीसी, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिळून केलेले प्लँक, पाण्याने फुगत नाहीत, ५ मिमी जाडी, खाली १ मिमी फोम चिकटवूनच येतो, एकमेकांत अडकवायचे, खाली चिकटवायचे नाहीत.

आता खरा प्रश्न स्टाइलचा. हॉल १० बाय १४, उजेड फक्त एका टोकाच्या बाल्कनीतून, बेडरूम १० बाय ११. फर्निचर जुनं सागवानी, पिवळसर-तांबूस. दुकानदार म्हणतो ग्रे घ्या. भाऊ म्हणतो हेरिंगबोन कर, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या पट्ट्यांची नक्षी, फोटोत मस्त दिसतं. मला गडद अक्रोडी रंग आवडतो पण धूळ फार दिसेल अशी भीती वाटते. आणि पट्टी रुंद घ्यायची की अरुंद? कोणी असं करून राहतंय का, म्हणजे किमान दोन पावसाळे काढलेत असं कोणी?

प्रतिसाद १

ताई, आम्ही बोरिवलीला केलंय, तीन पावसाळे झाले. गडद रंग घेऊ नका, आमचा बेडरूम गडद आहे आणि दुपारच्या उन्हात प्रत्येक पावलाचा ठसा दिसतो. सागवानासोबत ग्रे मला तरी परका वाटतो, फर्निचर उगाच जास्त पिवळं दिसतं. मधाळ किंवा फिकट ओक बघा, पण फर्निचरशी हुबेहूब जुळवायला जाऊ नका, एक-दोन शेड फिकट ठेवा. सॅम्पलचे दोन-तीन तुकडे घरी आणा आणि सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा, दुकानातल्या लाइटखाली सगळंच छान दिसतं.

पट्टी सात इंची घ्या, १० फुटी खोलीत अरुंद पट्ट्यांच्या रेघाच रेघा होतात. बाल्कनीकडून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लांबीत टाका, सांधे कमी दिसतात.

प्रतिसाद २

मी इंटिरियरची कामं करतो, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो. आईंचं वय किती? मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा नजरेचा काही त्रास असेल तर हेरिंगबोन आणि गडद-फिकट मिसळलेल्या पट्ट्या नकोच. जमिनीवर रंगाचा फरक जास्त असला की वयस्कर माणसाला तिथे पायरी असल्यासारखं वाटतं आणि पाऊल अडखळतं. चमकदार फिनिशही नको, मॅट घ्या आणि हलका टेक्स्चर असलेला. शिवाय हेरिंगबोनमध्ये कटिंगला माल जास्त जातो. सरळ पट्टीला १० टक्के जास्त धरलात तरी पुरे, तुमच्या २५० स्क्वेअर फुटाला २७५.

स्टाइल ठरवायच्या आधी खालची लादी तपासा. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, खाली पाण्याचे थेंब किंवा काळसर डाग दिसला तर ओल आहे, आधी ती बंद करा. मग सहा फुटी सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून बघा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर लेव्हल करावं लागेल, नाहीतर चालताना फ्लोअरिंगची पट्टी खालीवर होते आणि सांध्यातलं लॉक तुटतं. भिंतीलगत ८ ते १० मिमी जागा सोडायलाच लावा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कारागीर घाईत असला की हीच जागा सोडत नाही आणि उन्हाळ्यात मधे फुगवटा येतो. भिंतीत ठोकलेलं वॉर्डरोब वर बसवू नका, त्याच्या पायापाशी फ्लोअरिंग संपवा.

मूळ प्रश्न विचारणारी

दोघांचे मनापासून आभार. आई ७२ ची आहे, गेल्या वर्षीच डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पायरीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला धस्सच झालं, कारण नातेवाइकांकडच्या चौकटी डिझाइनच्या टाइल्सवर ती भिंत धरून चालत होती आणि आम्ही समजत होतो गुडघे दुखतायत. हेरिंगबोन बाद. भावाला पण हेच वाचायला पाठवलं.

काल प्लास्टिक चिकटवलं होतं. हॉल कोरडा आहे, बेडरूममध्ये बाथरूमच्या भिंतीलगत डाग आला, तिथलं गळतीचं काम आधी करून घेणार. एवढ्यासाठी दिवाळी चुकली तरी चालेल. फिकट ओकचे तीन तुकडे आणलेत, आई अनवाणी उभी राहून बघतेय, तिला मधला आवडलाय. त्यात गाठींचे डाग अगदी कमी आहेत.

अजून दोन गोष्टी सांगा. आमच्या मावशी ओलाकंच पुसतात, त्यांना पिळून पुसायला सांगेनच, पण बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाणी कडेने खाली मोझॅकवर जाऊ नये म्हणून सिलिकॉन भरलं तर पट्टीला सरकायला जागा उरते का? आणि ६ मिमी वाढल्यावर मुख्य दरवाजा खालून तासावा लागणार, तो सागवानी आहे, बाबांनीच करून घेतलेला. सुताराने दरवाजा उतरवून तासायचा की जागेवरच जमतं?